शेताचा सहावा कोपरा: एक कोन मोजायचा राहिला, तो कसा काढायचा?

बांधावरचा

राम राम मंडळी. हे शेतीच्या विभागात टाकावं की गणिताच्या ते कळेना, म्हणून इथेच टाकतो.

आमचं ओढ्याकाठचं रान सहा कोपऱ्यांचं आहे, एकतीस गुंठ्यांच्या आसपास. यंदा ठिबक करायचंय. दुकानदार म्हणाला, रानाचा नकाशा आणा, नळी किती लागेल ते सांगतो. आमच्याकडे नकाशा म्हणजे वडिलांच्या वेळच्या मोजणीच्या ‘क’ प्रतीची झेरॉक्स, आणि तिचे घड्यांवर फाटून चार तुकडे झालेले. म्हटलं, आपणच मोजू. गावातल्या मास्तरांकडून फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मागून आणला. दोन सुतळ्या घेतल्या, धाकट्या भावाला पुढच्या दगडावर उभं केलं आणि दोन दिवसांत पाच कोपरे उरकले.

अ ८८ अंश, ब १०४, क १३१, इ ९५, फ ११८.

ड राहिला. तिथल्या बाभळीला आग्या मोहोळ लागलंय. भाऊ वीस पावलांवरून परत आला, मी तर चाळीसवरूनच.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० एवढं शाळेतलं आठवतंय. सहा कोपऱ्यांची किती? त्यावरून ड काढता येईल का?

खडूफळा

येईल की. त्यासाठीच तर आम्ही आठवी-नववीच्या पोरांचं डोकं खातो.

एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यांना रेघा ओढा, म्हणजे कर्ण. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, पंचकोनाचे तीन, षटकोनाचे चार. बाजू जेवढ्या, त्याहून दोन कमी त्रिकोण. म्हणून बाजू ‘न’ असतील तर आंतरकोनांची बेरीज (न − २) × १८०. तुमच्या रानासाठी ४ × १८० = ७२०.

तुमच्या पाच कोनांची बेरीज ८८ + १०४ + १३१ + ९५ + ११८ = ५३६. मग ड = ७२० − ५३६ = १८४ अंश.

बांधावरचा

सर, आभार. पण १८४ म्हणजे जवळपास सरळ बांध झाला की हो. ड तर आमच्या रानातला सगळ्यात टोकदार कोपरा. तिथे औत फिरवताना बैलांना मागं घ्यावं लागायचं, एवढा चिंचोळा.

टिवल्याबावल्या

आग्या मोहोळापुढे भलेभले सरळ होतात, कोपऱ्याचं काय घेऊन बसलात.

खडूफळा

मग मोजण्यात चूक आहे. सूत्रात नाही.

साखळीवाला

बांधावरचा, फ हा कोपरा कसा आहे ते जरा शब्दांत सांगा. ओढा तिथे तुमच्या रानात शिरलाय का?

बांधावरचा

हो, काका. बरोबर ओळखलंत. इ पासून निघालं की बांध आत वळतो, फ च्या दगडापाशी पुन्हा बाहेर पडून अ कडे जातो. ओढ्याने तिथे चावा घेतल्यासारखा दिसतो.

साखळीवाला

मग तिथला ११८ रानाच्या बाजूचा नाही, ओढ्याच्या बाजूचा आहे. लाकडी कोनमापक अर्धवर्तुळाचा, १८० च्या पुढे त्याला वाचताच येत नाही. तुम्ही सुतळ्या बरोबर लावल्या, कोनमापकाने मात्र त्याला जमेल तीच बाजू सांगितली. रानात उभं राहून बघा. फ पाशी तुमच्या बाजूला अर्ध्या वर्तुळाहून जास्त जागा मोकळी आहे. आतला कोन ३६० − ११८ = २४२.

आता करा बेरीज: ८८ + १०४ + १३१ + ९५ + २४२ = ६६०. ड = ७२० − ६६० = ६० अंश.

बैल मागं घ्यावे लागतील असाच कोपरा हा.

बांधावरचा

साठ! हे पटलं. काका, तुम्ही न बघता ओढा कसा ओळखलात?

साखळीवाला

बत्तीस वर्षं लोकांच्या बांधावर उन्हात उभा राहिलोय. षटकोनी जमिनीत सगळे कोन १८० च्या आतले निघाले आणि शेवटचा मात्र भलताच आला, तर आधी ओढा, विहीर नाहीतर भावकी शोधायची. यांपैकी कुणीतरी हद्द आत ढकललेली असते.

खडूफळा

माझीच चूक, कबूल. पाच संख्या बघितल्या आणि वजाबाकी करून मोकळा झालो. आकृती विचारलीच नाही. वर्गात मुलांना मात्र ‘आधी आकृती काढा’ म्हणून ओरडतो.

१८० हून मोठ्या कोनाला पुस्तकात प्रविशाल कोन म्हणतात, आणि असा कोन असलेल्या आकृतीला अंतर्वक्र बहुभुजाकृती. पोरांना ही नावं पाठ असतात, पण आकृतीत असा कोन समोर आला की ती हमखास बाहेरची बाजू मोजतात. हा दोष त्यांच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचाही आहे, हे आज साखळीवाल्यांमुळे नीट लक्षात आलं.

मुक्ताई_७

मध्येच घुसते, माफ करा. मुलगा आठवीत आहे. वरचं वाचून त्याने मला पेचात पकडलं. तो म्हणतो, आत वळलेल्या आकृतीत कर्ण कधीकधी आकृतीच्या बाहेर जातो. मग ‘न वजा दोन त्रिकोण’ हे तिथे चालतं कशावरून? मला उत्तर देता आलं नाही.

खडूफळा

मुक्ताताई, तुमच्या मुलाला माझ्यातर्फे एक पेढा.

याच रानावर बघू. अ पासून इ ला रेघ ओढली तर ती ओढ्यातून जाईल, रानाच्या बाहेरून. म्हणजे अ पासून पंखा उघडल्यासारखे चार त्रिकोण पडत नाहीत. पण तोच पंखा फ पासून उघडा. फ-ब, फ-क, फ-ड हे तिन्ही कर्ण रानाच्या आतच राहतात आणि चार त्रिकोण नीट पडतात. आकृती कितीही वेडीवाकडी असली तरी, तिच्या बाजू एकमेकींना छेदत नसतील तर, आतल्या आत जाणारा निदान एक कर्ण सापडतोच. त्याने आकृतीचे दोन तुकडे पडतात, मग प्रत्येक तुकड्यात पुन्हा तसाच कर्ण शोधायचा. शेवटी त्रिकोण उरतात, आणि ते नेहमी न − २ च भरतात. सगळे एकाच कोपऱ्यातून निघाले पाहिजेत असा नियम नाही. आम्ही फळ्यावर सोय म्हणून तसं काढतो आणि मुलांना तोच नियम वाटतो.

चकवाचांदणी

मला त्रिकोणांपेक्षा चालण्याची रीत जास्त आवडते. देवळाभोवती प्रदक्षिणा घालताना भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्याला आपण थोडं वळतो. जिथून निघालो तिथे, त्याच दिशेला तोंड करून परत आलो, की एकूण वळण पूर्ण एक गिरकी, ३६० अंश. गाभारा चौकोनी असो की तारकाकृती, गिरकी एकच.

आता बांधावरच्यांच्या रानाला प्रदक्षिणा घालू, रान डाव्या हाताला ठेवून. प्रत्येक कोपऱ्याला वळण १८० वजा आतला कोन. ब ला ७६, क ला ४९, ड ला १२०, इ ला ८५. फ ला मात्र आपण उलटे, उजवीकडे वळतो, ६२ अंश, म्हणून उणे ६२. शेवटी अ ला ९२. एकूण ७६ + ४९ + १२० + ८५ − ६२ + ९२ = ३६०.

(देवाला प्रदक्षिणा घालताना तो उजव्या हाताला ठेवतात, इथे उलटं केलंय. रानच आहे, चालून जाईल.)

मुक्ताई_७

हे त्याला लगेच कळलं! घरातल्या डायनिंग टेबलाभोवती चालून पाहिलं. आता त्याच्या गृहपाठाचंही सांगा. पंचकोनाचे कोन २ : ३ : ४ : ५ : ६ या प्रमाणात आहेत, प्रत्येक कोन काढा. त्याने ३६० ला २० ने भागून ठेवलंय.

खडूफळा

ही चूक वर्गात दर वर्षी निदान दहा जण करतात. चौकोन शिकून फार दिवस झालेले नसतात, त्यामुळे ३६० डोक्यात बसलेला असतो. त्यात बाह्यकोनांची, म्हणजे वरच्या प्रदक्षिणेतल्या वळणांची, बेरीज खरोखरच नेहमी ३६०, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. पंचकोनाच्या आंतरकोनांची बेरीज ५४०. ५४० भागिले २० म्हणजे २७. मग कोन ५४, ८१, १०८, १३५, १६२. बेरीज करून ताळा त्यालाच पाहू द्या, तुम्ही नको.

साखळीवाला

ताळ्यावरून एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. वजाबाकी करून काढलेल्या कोनाला ताळा नसतो.

आमच्या सर्वेक्षणाच्या पुस्तकात हेच सूत्र (२न − ४) काटकोन अशा रूपात असायचं. पण आम्ही त्याने राहिलेला कोन काढत नसू. सगळेच्या सगळे कोन मोजायचे आणि मग बेरीज ७२० ला किती चुकते ते बघायचं. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, २० सेकंदांपर्यंत (एक अंश म्हणजे ३६०० सेकंद) वाचणारा असेल तर सहा कोपऱ्यांत चूक किती चालते? २० गुणिले सहाचं वर्गमूळ, म्हणजे ४९ सेकंद. त्याहून जास्त भरली की दुपारचा डबा तसाच बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या दगडापासून सुरुवात.

तुम्ही पाच मोजले आणि सहावा वजाबाकीने काढला. आता पाचही कोनांतल्या चुका एकत्र होऊन त्या ड मध्ये जाऊन बसल्या आहेत. ड म्हणजे बाकीच्यांची केराची टोपली. बेरीज ७२० येणारच, कारण ती तुम्हीच आणलीय. फ चा घोळ एवढा मोठा होता म्हणून १८४ दिसले आणि तुम्हाला शंका आली. अ ला ८८ ऐवजी ८४ वाचले असते तर ड ६४ आला असता आणि इथे कुणालाही पत्ता लागला नसता.

सुतळी आणि लाकडी कोनमापकावर एका कोपऱ्याला एक अंश इकडेतिकडे होणारच. पाचही कोनांत चूक एकाच बाजूला झाली तर ड पाच अंशांनी चुकेल. काही वर काही खाली गेले तर दोनेक अंश धरा. ७० मीटरच्या बांधाला एक अंश म्हणजे टोकाला सव्वा मीटर. ठिबकची नळी मोजायला हे ठीक. तारेचं कुंपण घालायला अजिबात नाही. त्यासाठी भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा.

रंधा_आणि_रांध

केराची टोपली! काका, हे वाक्य मी कारखान्यात भिंतीवर लिहिणार.

माझं सुतारकाम हौशी. गणपतीसाठी अष्टकोनी चौरंग करायला घेतला होता. (नावात चार, कोपरे आठ, असो.) सुसम अष्टकोन (सगळ्या बाजू आणि कोन सारखे), बेरीज ६ × १८० = १०८०, एक कोन १३५. दोन पट्ट्या जुळवायच्या म्हणजे प्रत्येक पट्टी निम्म्यावर, साडेसदुसष्ट अंशांवर कापायची. इथवर डोकं चाललं. पण करवतीच्या यंत्रावरचा काटा पट्टीला काटकोनात असताना शून्य दाखवतो. म्हणजे लावायचे होते ९० − ६७.५ = २२.५. मी ६७.५ शोधत बसलो. काटा तिथवर जाईचना, म्हणून यंत्रावरच राग काढला.

मग २२.५ वर आठ पट्ट्या कापल्या. सात सांधे झकास बसले. आठव्यात बोट जाईल एवढी फट! काटा अर्ध्या अंशाने सरकला होता. आठ पट्ट्यांना दोन-दोन टोकं, सोळा काप, प्रत्येकी अर्धा अंश, झाले आठ अंश. सगळे एका सांध्याच्या बोडक्यावर. मी त्या आठव्या सांध्यालाच शिव्या घालत होतो, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

साखळीवाला

अगदी हेच. तुमचा चौरंग आणि यांचं रान सख्खे भाऊ.

टिवल्याबावल्या

सख्खे भाऊ म्हणजे मोजणीचा अर्ज आलाच.

चकवाचांदणी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

गोलघुमट

अष्टकोन निघालाच आहे तर विजापूरचं सांगतो. आमच्या गोल घुमटात आत उभं राहून वर बघा. खालची खोली चौकोनी आणि वर गोल घुमट. मधला सांधा आठ कमानींनी साधलाय. दोन सारखे चौरस एकमेकांवर ठेवून एक ४५ अंशांनी फिरवला की जी आठ टोकांची चांदणी होते, त्या आराखड्यावर या कमानी एकमेकींना छेदतात. मधोमध अष्टकोन उरतो.

आता या चांदणीची कड धरून चाला. आठ टोकं बाहेर, आठ खाचा आत, म्हणजे सोळा बाजूंची आकृती. टोकाचा कोन ९०, तो तर चौरसाचाच. खाचेचा कोन न मोजता काढायचा. बेरीज १४ × १८० = २५२०. त्यातून आठ टोकांचे ७२० गेले, उरले १८००. आठांत वाटले की प्रत्येकी २२५. तुमच्या फ सारखाच प्रविशाल. आणि साखळीकाकांना ताळा हवा असतो, तो असा: खाचेपाशी आतल्या अष्टकोनाचा १३५ चा कोन असतो, त्याच्या विरुद्ध कोनाएवढीच जागा बाहेर उरते. ३६० − १३५ = २२५.

साखळीवाला

हा ताळा खरा. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावी पोचलात.

मुक्ताई_७

मुलाने पाच टोकांची चांदणी करून पाहिली. टोक ३६, खाच २५२ आली. बरोबर का?

गोलघुमट

बरोबर. ५ × ३६ + ५ × २५२ = १४४०, दहा बाजूंना तेवढीच हवी. शाबास.

जुनीपोथी

थोडं अवांतर. सुसम आकृत्यांमध्ये सात बाजूंची फार त्रास देते. ९०० भागिले ७, म्हणजे १२८ पूर्णांक चार सप्तमांश अंश, कोनमापकावर लावताच येत नाही. नुसत्या पट्टी आणि कंपासनेही ती काढता येत नाही. सतरा बाजूंची मात्र येते, हे जर्मन गणिती गाऊसने १७९६ साली दाखवलं, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

भास्कराचार्यांनी लीलावतीत दुसरीच वाट धरली. ते कोन सांगतच नाहीत, बाजू सांगतात. व्यास १,२०,००० घेतला तर वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंत प्रत्येकाची बाजू किती, हे तिथे दिलंय. षटकोनाची नेमकी ६०,०००, म्हणजे त्रिज्येएवढी. सप्तकोनाची ५२,०५५. आज गणकयंत्रावर ५२,०६६ येते. साडेआठशेहून जास्त वर्षांपूर्वी अकरांचा फरक! गवंड्याला आणि सुताराला कोनापेक्षा बाजूच उपयोगी पडते असं माझं मत. दोरी घेऊन काम करणाऱ्याला अंशांचं काय?

रंधा_आणि_रांध

शंभर टक्के. दुसऱ्या चौरंगाला मी कोनाकडे बघितलंच नाही. वर्तुळ काढून बाजू मापली आणि रंधा मारत जुळवत गेलो.

साखळीवाला

जुनीपोथींनी आयता धागा दिला. बांधावरचा, तुमच्या फाटक्या ‘क’ प्रतीवर बाजूंची मापं वाचता येतात का? ड ला लागून असलेल्या दोन बाजूंची तरी?

बांधावरचा

तो तुकडा शाबूत आहे. क-ड ६९.५ मीटर, ड-इ ५६.४ मीटर. कोपऱ्यावर मात्र डाग पडलाय, चहाचा असावा.

साखळीवाला

उत्तम. रान नांगरून मोकळं असेल तर क पासून इ पर्यंत सरळ टेप धरा. त्यासाठी मोहोळाकडे जावं लागत नाही.

बांधावरचा

आज सकाळी धरला. ६४ मीटर, एखादी वीत इकडेतिकडे.

खडूफळा

आता माझं काम. तिन्ही बाजू कळलेला त्रिकोण आहे, कोन ठरलेलाच असतो. कोज्या (कोसाइन) नियम लावतो.

६९.५ चा वर्ग ४८३०.२५, ५६.४ चा ३१८०.९६. बेरीज ८०११.२१. त्यातून ६४ चा वर्ग ४०९६ वजा केला, उरले ३९१५.२१. भागिले २ × ६९.५ × ५६.४, म्हणजे ७८३९.६. उत्तर ०.४९९४. हा ज्याचा कोज्या आहे तो कोन ६०.०४ अंश.

साठ! मास्तरांच्या कोनमापकाचा काही भरवसा नाही म्हणत होतो, पण कोन आणि बाजू दोन्हीकडून साठच निघाला.

साखळीवाला

एवढं जुळणं हा थोडा नशिबाचाही भाग आहे, हुरळून जाऊ नका. एखादी वीत टेप चुकला तरी कोन पाव अंश हलतो. पण आता ड ची खात्री धरायला हरकत नाही. पहिला साठ कोनांतून आला, दुसरा लांबीतून. एकाची चूक दुसऱ्यात शिरलेली नाही.

चकवाचांदणी

एक कोडं टाकू का? एकाने बहुभुजाकृतीचे सगळे कोन मोजून बेरीज केली, पण एक कोन घ्यायचा राहिला. बेरीज आली २१९०. बाजू किती आणि राहिलेला कोन किती?

मुक्ताई_७

मुलाचं उत्तर: बेरीज १८० च्या पटीत हवी. २१९० च्या पुढची पट २३४०, म्हणजे १३ × १८०. राहिलेला कोन १५०, बाजू १५.

चकवाचांदणी

शाबास. पण आकृतीत एखादा ‘ओढा’ असला तर?

मुक्ताई_७

पाच मिनिटं खोलीतून काही आवाज नव्हता. मग ओरडत आला. राहिलेला कोन ३३० पण असू शकतो! मग बेरीज २५२०, बाजू १६. त्याच्या पुढची पट घेतली तर कोन ५१० होतो, आणि कोन ३६० च्या पुढे जात नाही. म्हणून उत्तरं दोनच.

खडूफळा

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत हे विचारलं तर १५ लिहायला सांगा, तिथे ओढे नसतात. पण मला दोन्ही उत्तरं हवी आहेत, आणि शाळा सुरू झाली की मी हे वर्गात विचारणार.

टिवल्याबावल्या

मोहोळाचं काय झालं शेवटी? त्यातली घरं षटकोनी असतात म्हणे, एक कोन १२०, तीन मिळून ३६०, मध्ये फट नाही. बांधावरच्यांनी जवळ जाऊन ताळा घ्यावा.

बांधावरचा

तुम्ही या, कोनमापक मी देतो.

बांधावरचा

मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. ठिबकची नळी आली, नकाशा दुकानदाराने ठेवून घेतला, म्हणाला असा कुणी आणत नाही. आणि मोहोळ उठलं! पहिला पाऊस पडला आणि दोन दिवसांत फांदी रिकामी. काल भावाला घेऊन ड च्या दगडापाशी गेलो. दगड घाणेरीत गाडला गेला होता, कोयत्याने साफ केला. कोनमापक लावला: ५८.५ अंश.

आता काका रागावणार. एकूण ७१८.५ भरतात.

साखळीवाला

रागावत नाही. सहा कोपऱ्यांत दीड अंश, तेही शाळेच्या कोनमापकावर, म्हणजे चांगलंच काम केलंत. शिवाय ही तुमची पहिली खरी बेरीज, आधीची ७२० बनवलेली होती. आता दीड अंश सहा जणांत वाटा. प्रत्येकाला पाव अंश, म्हणजे १५ मिनिटं, वाढवून द्या. ड ५८.७५, फ २४२.२५, बाकीचेही तसेच. सगळे सारख्याच काळजीने मोजले असतील तर सारखं वाटायचं. एखाद्या ठिकाणी सुतळी सैल होती असं आठवत असेल तर तिथे जास्त टाका.

बांधावरचा

क ला होती. भाऊ फोनवर बोलत होता.

साखळीवाला

मग क ला अर्धा अंश, फ ला काहीच नको, बाकीच्यांना पाव. आणि मास्तरांचा कोनमापक परत करा, शाळा सुरू झाली.